सासूबाईंचा हात आणि तिसरा प्रोसेसर

...ठणठणीत म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, ज्या यंत्राने माझं जेवण, माझी झोप, माझा संसार आणि माझ्या सासूबाईंची अब्रू या सगळ्याचा पार चुथडा केला, त्या यंत्राला ठणठणीत म्हणायचं? आणि म्हणतो कोण, तर कंपनीचा माणूस. येतो, आपली ती वायर खुपसतो, पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागते, ती सरकेपर्यंत हा मांडी हलवत नखं कुरतडत बसतो, कुरतडलेली नखं माझ्या टेबलावर, बरं का, माझ्या टेबलावर, आणि पट्टी संपली की माझ्याकडे वळून असा हसतो जसं काही सुखरूप बाळंतपण करून बाहेर आलाय, "अभिनंदन सर, मशीन ठणठणीत आहे." अभिनंदन कसलं करतोस बाबा? मुलगा झालाय का मला? तुम्हाला सांगतो, त्या शब्दाची मला शिसारी आलीये. रस्त्यात कुणी सहज विचारलं ना, काय, तब्येत ठणठणीत? तरी मी रस्ता बदलतो.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल याच्याच डोक्याची वायर निसटलीये. मी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात संगणक सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तो बिघडला की सगळे माझ्याकडे बघतात आणि चालू असला की माझ्याकडे कुणी बघत नाही. माझी खोली कुठे, तर एका भिंतीपलीकडे काचा घासायची मशीनं, दुसऱ्या भिंतीपलीकडे संडास. घासणीचं ते पांढरं चिकट पाणी दाराखालून आत येतं, वाळतं, त्याची पूड होते, ती पूड चहात, डब्यात, नाकात. संडासाकडून काय येतं ते सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

तर आमचा संगणक असा तसा नाही, त्यात चार प्रोसेसर आहेत. चार डोकी! आणला तेव्हा साहेबांनी सगळ्या कारखान्याला गोळा करून दाखवला होता, "हे बघा, एकाच्या जागी चार डोकी, म्हणजे चौपट काम." चौपट काम कळलं, चौपट भानगडीचं कुणी बोललं नाही. कसं असतं, समजा एका दुकानात चार भाऊ बसतात. गिऱ्हाईक आलं की त्यातला जो मोकळा असेल तो आकडेमोड करून देतो, आणि कुणी करून दिली हे कुणीच लक्षात ठेवत नाही. आता त्या चौघांतला एक मधूनच चुकीचं गणित करतो. रोज नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाला नाही, लहर लागली की. सांगा, कोणता? चौघांनाही विचारलं तर चौघंही तोंड वर करून म्हणणार, मी नाही. हे शोधायचं काम माझं. अहो, चार सख्ख्या भावांत खोटं कोण बोलतं हे त्यांच्या आईला सापडत नाही, मला काय सापडणार?

सुरुवात झाली एका शाळेच्या बाईंपासून. आमच्या काचांचा नवा चष्मा लावून त्या वर्गात गेल्या आणि त्यांना फळा तिरका दिसायला लागला. बाईंनी पोरांना फळा सरळ करायला लावला. पोरं कसली सोडतात, त्यांनी तो खरोखरच तिरका केला, आणि बाई म्हणाल्या, आता बरोबर. मुख्याध्यापकांनी बघितलं तेव्हा तो चष्मा आमच्याकडे परत आला. मग एक बसचालक आला. त्याला रस्ता डावीकडे उतरताना दिसत होता. मग एक शिंपी आला, हातात कोट घेऊनच आला, म्हणाला, ही बाही बघा, आता मी काय करू. मी काय सांगणार, बाही खरंच खांद्याऐवजी पाठीतून आल्यासारखी वाटत होती.

आता हे का होतं, ते जरा ऐका, अवघड नाही. काही डोळ्यांसाठी काचेला एक जास्तीचा बाक द्यावा लागतो, आणि तो बाक ठरलेल्या कोनातच बसायला लागतो. कोन जरा चुकला की सरळ दार तिरकं दिसतं. तो कोन काढतो कोण? संगणक. संगणक सांगतो तशी मशीन काच घासते. पण घासायच्या आधी ती काच एका ठोकळ्यावर चिकटवावी लागते, खुणेला खूण लावून, आणि ते काम हातानेच होतं. हात जरा हलला तरी कोन जातो. आणि तो हात कुणाचा? आमच्या सासूबाईंचा.

हो, सख्ख्या सासूबाई. मी त्या कारखान्यात लागलो तेव्हा त्या तिथे होत्याच, त्यांच्यामुळेच मी लागलो आणि त्यांच्यामुळेच माझं लग्न झालं, म्हणजे पाहायला गेलं तर ही सगळी त्यांचीच करणी. त्या कारखान्यात दोनच गोष्टींना मान होता, साहेबांच्या खुर्चीला आणि सासूबाईंच्या हाताला. खुणेला खूण अशी लावणार की बघणाऱ्याला वाटावं छापूनच आलीये. आणि तोंड? तोंडही तसंच, बरोबर खुणेवर बसतं.

तर काचा परत यायला लागल्या. आमच्याकडे तपासणीचं यंत्र आहे. त्यात त्या परत आलेल्या काचा घातल्या. यंत्र म्हणालं, बरोबर आहेत. बरोबर म्हणणारच! ते यंत्र संगणकालाच विचारतं, की बाबा, तू कोणता कोन सांगितला होतास? संगणक आपला तोच चुकीचा कोन पुन्हा सांगतो, यंत्र म्हणतं, अगदी तसाच आहे. म्हणजे चोराने साक्षीला आपलाच चुलतभाऊ उभा केला. हे मला आता दिसतं, तेव्हा कुणालाच दिसलं नाही. तेव्हा साहेबांनी पेनाच्या टोपणाने कान कोरला, टोपणाला काय लागलंय ते उजेडात धरून बघितलं, मी बघायचं नाही म्हणून छताकडे बघत होतो, आणि म्हणाले, "हे बघा. संगणक ठणठणीत. तपासणी ठणठणीत. मग राहिलं कोण?"

राहिल्या सासूबाई.

मी म्हटलं, साहेब, त्यांनी काच तिरकी चिकटवली असती तर तपासणीत सापडली असती की. त्यावर साहेब काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तपासणीच्या यंत्रातही काच बाईच ठेवतात, तिथेही तेवढीच तिरकी ठेवत असतील. म्हणजे बाईचा हात थरथरतो, पण दोन्हीकडे मोजून सारखाच थरथरतो! आणि साहेबांनी सासूबाईंना घासणीवरून काढून पाकीटखान्यात बसवलं, काचा कागदात गुंडाळून पाकिटात घालायला. वयाचा मान राखून, असं म्हणाले. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं हो त्यांच्या. सगळं आयुष्य त्या हातावर काढलेल्या बाईने जाताना काय नाव घेऊन जायचं, तर हात गेलेली म्हातारी.

सासूबाई तिथे काही बोलल्या नाहीत. घरी बोलल्या. घर म्हणजे माझंच घर, त्या आमच्याकडेच असतात. जेवायला बसलो, पहिला घास तोंडात गेला आणि त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या त्या डबड्याला सांगा, मी वाट बघतेय." बस, एवढंच. मग बायकोने भांडी घासायला घेतली. आता बायको भांडी कशी घासते यावरून मला घरातलं हवामान कळतं, आणि त्या दिवशी हवामान फार वाईट होतं. तिचं म्हणणं असं की संगणक माझा, म्हणून चूक माझी, म्हणून तिच्या आईची अब्रू मी घालवली. मी म्हटलं, अगं, चार प्रोसेसरचं यंत्र आहे ते, त्यात... ती म्हणाली, चार असोत नाहीतर चाळीस, एक तरी धड आहे का?

आता मला सांगा, हा प्रश्न चुकीचा होता का?

मग लागलो शोधाला. पहिल्यांदा पंखा उघडला. संगणकाच्या पोटात पंखे असतात, गार ठेवायला. तुम्हाला सांगतो, त्या पंख्यातून मी जे बाहेर काढलं ते एखाद्या प्राण्याच्या पोटातून निघावं असं होतं. करड्या लोकरीसारखा गोळा, त्यात काचेची पूड, कुणाचे तरी लांब केस, आणि मधोमध एक झुरळ, सुकलेलं, मिशांसकट, हातपाय जोडून. मी ते कागदावर काढून साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, मग हाच तुमचा बिघाड. आणि दोन दिवसांनी आणखी एकाचा चष्मा परत आला. म्हणजे त्या बिचाऱ्या झुरळावर आळ आला तो आला.

मग मेमरी बदलली. वायर बदलली. वीजवाल्याला बोलावलं, त्याने भिंतीत खिळा ठोकून बघितला आणि म्हणाला वीज ठणठणीत आहे. मग प्रोसेसरांच्या जागा बदलल्या, पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, म्हणजे जागेचा दोष की माणसाचा दोष ते कळेल. आता प्रोसेसर काढायचा तर त्याच्या डोक्यावर एक राखाडी मलम असतं, उष्णता ओढून घ्यायला. ते मलम बोटाला लागलं की शर्टाला लागतं, शर्टाला लागलं की दाराला, दाराचं साहेबांच्या हाताला आणि साहेबांच्या हाताचं त्यांच्या कानाला. धुऊन जात नाही. मुलाच्या गालावरून हात फिरवला तर त्याला मिशा आल्या. शी! आणि एवढं सगळं करून, सगळं पुसून, नवं मलम लावून, पेच आवळून, कंपनीच्या माणसाला बोलावून चाचणी लावली की पट्टी सरकते, सरकते, सरकते... ठणठणीत!

कंपनीच्या माणसाचं एक शास्त्र आहे. चाचणीच्या आधी सगळं काम बंद करायचं. सगळी मशीनं बंद, घासणी बंद, एक काच घासायची नाही. "सर, यंत्र शांत पाहिजे. त्याला विश्रांती द्या." अर्धा दिवस कारखाना झोपवून ठेवायचा, यंत्र चांगलं गारेगार होऊ द्यायचं आणि मग तपासायचं. मी पण तसंच करत होतो. पुस्तकात तसंच लिहिलंय, आम्हाला शिकवलंही तसंच. साहेब तर दर वेळी नियमच काढायचे, चाचणी चालू आहे, कुणी कशाला हात लावू नका. आणि त्या शांततेत ते चारही भाऊ असे शहाण्यासारखे बसायचे, एकेक गणित बरोबर, एकेक आकडा बरोबर. काम सुरू केलं की आठवड्याने कुणीतरी दारात उभा, डोळ्यावर आमचा चष्मा आणि चौकटीला धरून उभा, कारण त्याला चौकट पडताना दिसायची.

असे दिवस चालले होते. पाकीटखान्यात सासूबाई काचा गुंडाळतायत, मी जेवायला जाताना समोरूनच जावं लागतं, त्या बघतात, मी बघत नाही. एकदा बघितलं. काच कागदात ठेवताना कागदाची घडी त्या खुणेला खूण लावून घालत होत्या. पाकिटात जाणाऱ्या कागदाची घडी, जी गिऱ्हाईक फाडून फेकणार! मी त्या दिवशी जेवलोच नाही.

मग साहेबांनी ठरवलं की प्रकरणाचा निकाल लावायचा. सासूबाईंना डॉक्टरांकडे पाठवलं, हाताची तपासणी करायला. मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, जरा विश्रांती घ्या म्हणाले, मग हात समोर लांब करायला लावला आणि बोटांवर एक पातळ कागद ठेवला. हात थरथरत असेल तर कागद फडफडतो. तुम्हाला सांगतो, कागद असा पडला होता जसा टेबलावर. डॉक्टर बघतायत, मी बघतोय, शेवटी सासूबाईच डॉक्टरांना म्हणाल्या, "काढा तो आता. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय." डॉक्टरांनी लिहून दिलं, हात ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द वाचून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी साहेबांसमोर. साहेबांनी वाचला, घडी केली आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं, जसं मी लहान आहे. म्हणाले, "हे बघा, डॉक्टरांकडे खुर्चीत बसून हात स्थिरच राहणार. तिथे काय काम चालू आहे? मशीनीची घाई आहे? उकाडा आहे? माणूस कामाच्या रगाड्यात असताना बघायला पाहिजे, काय थरथरतं ते तेव्हा कळतं."

मी उभाच राहिलो. साहेबांना वाटलं मला वाईट वाटलं. वाईट कसलं वाटतंय, माझ्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं! अहो, हेच तर! म्हातारी खुर्चीत बसून ठणठणीत असेल तर ती गुन्हेगार, आणि यंत्र झोपून ठणठणीत असेल तर ते निर्दोष? बाईला रगाड्यात बघायचं आणि प्रोसेसरला विश्रांती देऊन? जे बोलायचं ते बरोबर बोलले साहेब, फक्त चुकीच्या प्राण्याबद्दल. मी म्हटलं, साहेब, अगदी बरोबर. ते म्हणाले, मग? पटलं ना? मी म्हटलं, पटलं, आणि धावलो.

कारखाना भरात होता. सगळी मशीनं घोंघावत होती, दाराखालून पांढरं पाणी येत होतं, आणि संगणक असा तापला होता की त्यावर पापड... जाऊ द्या. मी त्या शाळेच्या बाईंच्या चष्म्याचा नंबर काढला आणि तेच एक गणित चौघांना वेगवेगळं घातलं, बाकीचं काम चालू ठेवून. पहिल्याने कोन सांगितला. दुसऱ्याने तोच सांगितला. चौथ्यानेही तोच. आणि तिसऱ्याने? तिसऱ्याने भलताच! मी पुन्हा घातलं. पुन्हा भलताच, आणि बरं का, तोच भलताच, आकड्याचा फरक नाही. शिंप्याचा नंबर घातला, तिसरा चुकला. बसचालकाचा घातला, तिसरा चुकला. माझा स्वतःचा घातला, तो मात्र बरोबर आला, म्हणजे सगळ्यांशी नाही, ठराविक डोळ्यांशीच वैर. जेवणाची सुट्टी झाली, मशीनं थांबली, तिसरा गार झाला, पुन्हा तेच गणित घातलं तर काय सांगतो? बरोबर! साधूसारखा! सुट्टी संपली, तापला, की पुन्हा आपला मूळ पदावर. इतकी किळस मला त्या झुरळाचीही आली नव्हती हो. झुरळ निदान मेलं होतं, हा तर चांगला धडधडीत जिवंत राहून खोटं बोलत होता.

साहेबांना आणून दाखवलं. चार आकडे, तीन सारखे, एक वेगळा. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पण ते तिघंच चुकत नसतील कशावरून?" मी म्हटलं, साहेब, तिघंही बरोबर एकच चूक कशी करतील? तर म्हणाले, माणसं करतात की. आता यावर मी काय बोलणार, मी या कारखान्यातच काम करतो.

तिसरा उपटून कंपनीकडे पाठवला. मी कंपनीच्या माणसाला दहा वेळा बजावलं, अरे, तापवून बघ, कामाला लावून बघ. तो म्हणाला, हो सर, नक्की सर. त्यांनी काय केलं असेल? नेऊन थंडगार खोलीत ठेवला, एकट्याला, विश्रांती देऊन, पट्टी सरकवली आणि सुंदर खोक्यात घालून परत पाठवला. वर हिरवा कागद चिकटवलेला. कागदावर काय होतं ते मी सांगत नाही, तुमच्या लक्षात आलंय.

आणि साहेब म्हणतात, झालं तर मग, लावून टाका परत. मी म्हटलं, लावतो, पण साहेब, त्या जागी नवा घेतला तर तो जास्त वेगाचा येतो. एवढंच म्हटलं. वेगाचं नाव काढल्याबरोबर साहेब ताठ बसले, तो तर लगेच मागवा म्हणाले. म्हणजे मी घसा कोरडा करून सांगतोय की तो खोटं बोलतो, लोकांना भिंती पडताना दिसतायत, त्याचं काही नाही. पण खोटं जरा सावकाश बोलतो म्हटल्यावर लगेच काढला!

नवा आला, बसवला, पुन्हा बोटाला मलम, पुन्हा मुलाला मिशा. पण काचा बरोबर निघायला लागल्या. एक तक्रार नाही. शाळेच्या बाईंनी नवा चष्मा लावून पहिल्यांदा पोरांना धुतलं म्हणे. सासूबाई घासणीवर परत आल्या. साहेबांनी त्यांची माफी मागितली का? छे. सगळ्यांसमोर म्हणाले, "विश्रांती मिळाली, बाईंचा हात सुधारला." सुधारला! सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ठोकळ्यावर काच अशी दाबली की मला वाटलं साहेबच आहेत खाली. घरी मात्र त्या दिवशी त्यांनी पहिली पोळी माझ्या ताटात वाढली. बायकोनेही भांडी हळू घासली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपतंय कसलं!

साहेबांचा चष्मा फुटला. खुर्चीवर ठेवला आणि स्वतःच वर बसले. नवा बनवायला टाकला. साहेबांचा चष्मा म्हणून सासूबाईंनी स्वतः काच लावली, खुणेला खूण, आणि मी स्वतः चारही प्रोसेसरांकडून कोन काढून घेतला, चौघांचा एकच. इतकी बरोबर काच त्या कारखान्यात झाली नसेल. साहेबांनी चष्मा घातला, उठले, दोन पावलं टाकली आणि कपाटाला धडकले. म्हणाले, "कपाट तिरकं का ठेवलंय?" कपाट सरळ होतं. म्हणाले, "दारही तिरकं आहे." मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हळूच म्हणाले, "बाईंचा हात पुन्हा गेला वाटतं."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. त्यांचा जुना चष्मा तिसऱ्याच्या राज्यात झाला होता! साहेबांचे डोळे नेमके त्या ठराविक नंबरांतले. बाकी लोक चष्मा घेऊन भांडायला आले, साहेब काही आले नाहीत. कारखाना त्यांचाच, भांडणार कुणाशी? ते त्या वाकड्या काचेतून बघायला शिकले. तरीच माणूस बोलताना मान कलती धरायचा, आम्हाला वाटायचं विचार करतायत! मी सगळं समजावून सांगितलं हो. साहेब, आधीचा चुकीचा होता, हा बरोबर आहे, आठ दिवस वापरा, डोळे सरावतील. साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "ज्या चष्म्यातून मी हा कारखाना चालवला, तो चुकीचा?" मग म्हणाले, बाईंना सोमवारपासून पाकीटखान्यात बसवा.

घरी आलो. सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं बोलतील, निदान माझा उद्धार तरी करतील. त्यांनी आपले हात बघितले, पालथे घातले, परत बघितले. म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगा. माझा हात हलला का हो?"

अहो, त्या बाईला स्वतःवरच शंका आली. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी गेलो, ते हिरव्या कागदाचं खोकं काढलं. अडगळीत एक जुना संगणक होता, त्यात तो नालायक तिसरा बसवला. भलतीसलती गणितं घालून घालून त्याला चांगला तापवला, पंख्यासमोर पुठ्ठा धरला, आणि साहेबांचा नंबर घातला. म्हटलं, चूक बाबा, एकदा चूक, तुला चुकायला काय होतं? आणि चुकला हो! अगदी आकड्याला आकडा, जुना कोन. तो कागदावर लिहून सासूबाईंना दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि ती चुकीची काच त्यांनी अशी अचूक लावली, केसाचा फरक नाही.

साहेबांनी चष्मा घातला. मान कलती केली. कपाटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, सगळं सरळ. म्हणाले, "वा! याला म्हणतात हात." सासूबाई घासणीवरच आहेत, निवृत्तीपर्यंत आता त्यांना कुणी हलवत नाही.

आणि मी? तुम्हाला सांगतो, साहेबांना चष्मा कुठेही ठेवून त्यावर बसायची सवय आहे, म्हणजे दुसरा लागणार, तिसरा लागणार. म्हणून ते भिकार, खोटारडं, शिसारी आणणारं डोकं मी मऊ फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवलंय. आठवड्यातून एकदा काढतो, पुसतो, तापवतो, एक गणित घालतो, आणि श्वास रोखून बसतो, की देवा, हे एखाद्या दिवशी बरोबर उत्तर तर देणार नाही ना...